पातळ मध

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दादा गावाहून आला. आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडे. लाँच, मग जीप, मग एसटी असं करत स्वारगेटला उतरेपर्यंत त्याच्या पिशवीतल्या निम्म्या करवंदांचा लगदा झालेला असतो. तरी तो आणतोच. यंदाही करवंदं होती, फणसाचे गरे होते, आमच्याच खाचरातला जाडा तांदूळ होता, माझ्या खोकल्यासाठी औषधाच्या इवल्याशा बाटलीत पोया माशीचा मध होता आणि सगळ्यात खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सरबताची बाटली. लेबल कधीच निघून गेलेलं, बूच गच्च दाबून वरून प्लास्टिकचा कागद आणि सुतळी. "आग्याचा हाय. परवाच काढलाय पोरांनी," दादा म्हणाला आणि पाय धुवायला गेला. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी विरजणाला आल्या. बाटली उजेडात धरून त्यांनी तिरकी केली. मध भराभरा एका बाजूला गेला, भराभरा दुसऱ्या बाजूला आला. वहिनींच्या कपाळाला आठी पडली. मोबाइलवर त्यांनी बघितलेलं होतं मध कसा तपासायचा ते. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चमचाभर मध अलगद सोडला. तळाला जायच्या आधीच तो धुरासारखा पसरला, पाणी चहासारखं झालं. "गुळाचं पाणी आहे हो यात," वहिनी म्हणाल्या. वाईट मनाने नाही. माझी फसवणूक झाली याचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दादा तोपर्यंत तोंड पुसत येऊन बसला होता. त्याने ग्लासाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं.

"आसंल," तो म्हणाला. मग ग्लास उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. वाया कशाला घालवायचं.

मी काहीच बोलले नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मला तो रिकामा ग्लास दिसत राहिला. ज्या घरात मधाशिवाय औषध नव्हतं त्या घरात मी वाढले. मधाचे चार रंग आणि चार वास मला डोळे मिटून सांगता येतील. मग मी गप्प का बसले? भिडस्तपणा म्हणावा तर तोही पूर्ण खरा नाही. खरं सांगायचं तर ग्लासातलं पाणी गढूळ झालं तेव्हा माझ्याही मनात एक पाल चुकचुकली. दादा आता साठीला आला, कड्यावर तो जात नाही, पोरं जातात. पोरांनी घातलं असेल का काही? शहरात तीस वर्षं राहिल्यावर हा संशय आपोआप येतो, त्याला बोलवावं लागत नाही. त्यातून आपला मराठी माणूस दूधवाल्यावर पोसलेला. पातळ म्हणजे पाणी घातलेलं, हे आपल्याला आईच्या दुधापाठोपाठ शिकवलं जातं. दूध घट्ट, दही कवडीचं, वरण घट्ट, श्रीखंड तर चमचा उभा राहील असं. पातळ काही चांगलं असू शकतं, हे आमटी आणि ताक सोडलं तर आपण कुठेच मान्य करत नाही. दुकानातल्या मधाच्या जाहिरातीतही ती सोनेरी धार सावकाश, तोऱ्यात उतरत येते. त्या धारेने आपल्या डोळ्यांना वळण लावलंय.

आणि गंमत म्हणजे ती धार आपल्याकडच्या माशीची नव्हेच. ती बहुतेक वेळा इटालियन माशीच्या मधाची असते. साठच्या दशकात ही माशी उत्तरेत आणली आणि रुजवली गेली. गरीब स्वभावाची, भरपूर मध देणारी, मोहरीच्या आणि सूर्यफुलाच्या शेतांत ट्रकने पेट्या नेऊन ठेवता येतात अशी. तिच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण आमच्या डोंगरात ज्या माश्या होत्या त्या वेगळ्या, आणि त्यांचा मध हा एक पदार्थ कधीच नव्हता.

पोयाची माशी आमच्या घरातच राहायची. आजीचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्यांचा ताटवा, त्यावर शेणमातीचं लिंपण. ओटीवरच्या भिंतीत, देवळीच्या जरा वर, काळसर मेणाची बोटाच्या पेराएवढी नळी बाहेर आलेली असायची आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या येत-जात असायच्या. नांगी नाही, त्यामुळे भीती नाही. फार तर केसांत शिरून गुणगुणायच्या. पावसाआधी भिंत लिंपायची तेव्हा आजी ती नळी सोडून हात फिरवायची. एका साली भिंतच ढासळली, तेव्हा आतला संसार उघडा पडला. पोळ्याची जाळी नव्हतीच. राळ आणि मेणाचे तुरीच्या दाण्याएवढे गडूच गडू, द्राक्षाच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले. आजीने काडीने एकेक गडू फोडून पितळी वाटीत निथळला. सगळा मिळून अर्धी वाटीही भरला नाही. मध म्हणून जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं झालं: आमसुलाच्या साराइतका आंबट, पाण्यासारखा पातळ, मागून राळेचा कडवट वास. हा खायचा मध नव्हेच. तो खोकल्याचा, तोंड आल्यावर लावायचा, पोरांच्या जिभेवर थेंब ठेवायचा. आजी तो देवापाशी ठेवायची आणि कुणी मागितला तर मोजून चार थेंब द्यायची.

फुलोरी ही गुराख्यांची. करवंदीच्या जाळीत, बोरीच्या फांदीला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, तळहाताएवढं एकच पोळं. दादा त्यात पटाईत. तो पोळ्यावर नुसती हळू फुंकर मारायचा. माश्या एका बाजूला सरकायच्या, जणू गोधडी ओढून घ्यावी तशा. फांदीभोवती जो फुगीर भाग असतो, त्यात मध. खाली लोंबतो त्यात पिल्लं. फांदीच्या दोन्ही अंगांना या माश्या चिकट राळेची कडी करून ठेवतात, मुंग्या येऊ नयेत म्हणून. दादाने मला ती कडी बोटाने दाबून दाखवली होती आणि दिवसभर माझं बोट पुस्तकाला चिकटत होतं. फुलोरीचा मध फिका, स्वच्छ, घोटभर. तिथेच, जाळीतच, मेणासकट चघळायचा. घरी आणण्याइतका तो कधी उरलाच नाही, त्यामुळे बाटलीत कसा दिसतो ते मला अजूनही माहीत नाही.

सातेरी वडिलांची. तिला अंधार लागतो. झाडाची ढोली, भिंतीतलं पोकळ, वारूळ. एकामागे एक समांतर पोळी बांधते, सात म्हणून सातेरी, पण मोजली तर कधी सहा, कधी नऊ. अंधारात राहते म्हणूनच ती पेटीतही राहते. महाबळेश्वरच्या बाजूला खादी मंडळाने घरोघरी मधपेट्या दिल्या, त्यातल्या दोन आमच्या परसात फणसाखाली होत्या. मध काढायचा दिवस म्हणजे सण. वडील गरम पाण्यात सुरी बुडवून पोळ्यावरचा मेणाचा पातळ पापुद्रा सोलायचे, तो पापुद्रा आम्हां पोरांचा. मग चौकटी मधयंत्रात उभ्या करून दांडा फिरवायचा. पत्र्याच्या डब्यात आतून मधाचे थेंब आदळायचे, तो आवाज पहिल्या वळवाच्या पावसासारखा. एका पेटीचा वर्षाचा मध चार-पाच किलो, फार फार तर सात. मार्च-एप्रिलचा जांभळीचा मध काळपट तांबूस, गिळल्यानंतर घशाशी किंचित कडू. त्याच्या पाठोपाठचा हिरड्याचा जरा उजळ. डब्यांवर वडील खडूने फुलाचं नाव लिहायचे. नुसतं 'मध' असं लिहिलेला डबा मी आमच्या घरात पाहिलेला नाही.

आणि कारवी. कारवीबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतंय, कारण वहिनींच्या ग्लासाचं उत्तर तिच्यात आहे. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा-निळा होतो, मग बी धरून झाड वाळून जातं. आजी माणसांची वयं कारवीवर मोजायची, "तू पोटात होतीस तवा कारवी फुललेली." मला नीट आठवणारी पहिली कारवी सात-आठ वर्षांची असताना. पाऊस ओसरत आलेला, धुक्यात सगळा उतार निळा, आणि पेट्यांपाशी इतकी गर्दी की फणसाखाली उभं राहिलं तर बोलणं ऐकू येऊ नये. दिवाळीच्या आसपास वडिलांनी चौकटी यंत्रात लावल्या. दांडा फिरवला. काही आलं नाही. जोरात फिरवला. पोळी मोडायला आली, मध जागचा हलला नाही. शेवटी वडिलांनी पोळी कापून काढली, फडक्यातून पिळली. वाटीत भरलेला तो मध खरवसासारखा थरथरत होता. वाटी उपडी केली, तरी पडला नाही. मग वडिलांनी त्यात चमचा घालून गरागरा ढवळला आणि वाटी तिरकी केली. धो धो वाहायला लागला! पुन्हा वाटी ठेवून दिली. काही वेळाने बघितलं तर पुन्हा थिजलेला. आम्ही पोरांनी त्या दिवशी दुसरं काही केलंच नाही. ढवळायचा, वाहवायचा, थांबायचा, बघायचा.

याला शास्त्रात थिक्सोट्रॉपी म्हणतात हे मला पुढे चाळीस वर्षांनी कळलं. हलवलं की सैल, सोडलं की घट्ट. जगात असं वागणारे मध मोजकेच, स्कॉटलंडकडचा हेदरचा, न्यूझीलंडचा मानुकाचा आणि आपल्या सह्याद्रीतला कारवीचा. त्या दोघांच्या बरण्या विमानतळावर दागिन्यांसारख्या मांडलेल्या असतात. कारवीचा मध मात्र आमच्याकडे "यंत्रातून निघत नाही" म्हणून नावाजलेला, म्हणजे तक्रारीच्या सुरात. आता सांगा, वहिनींच्या ग्लासात हा मध टाकला असता तर तो ढवळण्याआधी पास झाला असता आणि ढवळल्यावर नापास. एकच वाटी, एकच मध.

आमच्या कायद्याला मात्र कारवी माहीत आहे, आणि हे वाचून मला उगाचच माहेरचं कुणीतरी सरकारी कचेरीत भेटल्यासारखं झालं. साध्या मधात सुक्रोज, म्हणजे आपली उसाची साखर असते ती, ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, शास्त्रीय नाव घालून. कुणीतरी कधीतरी हा मध मोजला असणार, त्याशिवाय नियमात त्याची जागा झाली नसती. मोजणारे पुण्यातलेच. गणेशखिंडीच्या बाजूला केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे. त्याच दशकात आर. पी. फडके यांनी 'इंडियन बी जर्नल'मध्ये भारतीय मधांवर लेखमाला लिहिली. पेटीतल्या सातेरीचा मध वेगळा, एकेका फुलाचा वेगळा, आणि आग्या, फुलोरी, पोया या रानमाश्यांच्या मधावर आणखी वेगळा लेख. त्याच्याही खूप आधी चरकाने चार मध सांगितले ते माश्यांवरूनच, आणि त्यांची ओळखही रंगावरून दिली: माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपाच्या, क्षौद्र पिंगट, भ्रामर पांढरा. म्हणजे मध अनेक असतात हे आपल्याला दोन हजार वर्षं ठाऊक होतं. तो एकच असतो आणि घट्ट असतो, हे आपण गेल्या पन्नासएक वर्षांत शिकलो.

राहिला आग्या. त्याच्याबद्दल लिहायला मी टाळतेय हे माझ्याच लक्षात आलं.

गावावरच्या कड्याला उघडी पोळी लोंबतात, दीड-दीड हात रुंद, अर्धचंद्राच्या आकाराची, वर माश्यांचा काळा झगा. गांधीलमाशी जवळ आली की त्या झग्यावरून लाट जाते. हजारो माश्या एकापाठोपाठ एक शेपटी वर करतात आणि अख्खं पोळं पाण्यासारखं चमकून जातं. लहानपणी मी ती लाट बघायला आंब्याखाली तासन्‌तास बसायचे. आणि त्याच पोळ्याला पोरं काळोख्या रात्री चूड लावायची. चांदण्यात माश्या माग काढतात म्हणून रात्र काळोखी. वरून दोर, हातात पेटता पेंढा, ठिणग्या खाली पडतात आणि माश्या ठिणग्यांमागे खाली जातात, जळतात. पोळं कापून डब्यात. पहाटे अंगणात ते फडक्यात घालून पिळायचं: मध, पराग, आणि पांढरी पिल्लंसुद्धा. त्या पिल्लांचा दुधट रस मधात उतरलेला असायचा. मी तो मध खाल्लाय, भाकरीवर घेऊन, बोटं चाटून. त्याला धुराचा वास असायचा आणि तो वास मला अजून आवडतो. अंगणात सकाळी पंख जळलेल्या माश्या फरपटत असायच्या, कोंबड्या टिपायच्या. हेही त्याच सकाळचं.

आता मेळघाटाकडे, आणि आणखीही काही ठिकाणी, अंगभर जाळीचा पोशाख घालून पोळ्याचा वरचा मधाचा भाग तेवढाच कापतात, पिल्लांचा भाग सोडतात. माश्या मरत नाहीत, पोळं पुन्हा भरतं, मध नितळ येतो. दादाने हे पोरांना सांगितलंय. पोशाख एक आहे, पोरं चार. तेव्हा कधी असा, कधी तसा.

लेक सुट्टीला आली. ती फूड टेक्नॉलॉजी शिकते. तिच्या सॅकमध्ये वीतभर लांबीची एक दुर्बीण निघाली, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर मधाचा एक थेंब ठेवायचा, झाकण दाबायचं, खिडकीकडे तोंड करून डोळा लावायचा. उजेड मधातून जाताना वाकतो. पाण्यात कमी, मधात बराच जास्त. आत एक निळा पडदा आणि एक पांढरा पडदा दिसतो, आणि त्यांची सीमा जिथे असेल तिथला आकडा म्हणजे मधातलं पाणी. दुकानातल्या बाटलीची सीमा १८ वर. मागच्या वर्षी महाबळेश्वरहून आणलेल्या सातेरीची बरोबर २० च्या रेघेवर. दादाची बाटली: २३. पोयाचा थेंब ठेवला तर सीमाच दिसेना, सगळं निळं. लेकीने काच पुसून पुन्हा बघितलं. पट्टी २७ ला संपते. पोया त्याच्याही पलीकडे कुठेतरी होता. यंत्र ज्यांनी केलं त्यांच्या डोळ्यांपुढे आजीची भिंत नसणार.

२३ का, हे लेकीने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून मला समजावलं, आणि निम्मं मलाच माहीत होतं असं निघालं. फुलातला रस म्हणजे बव्हंशी पाणीच. माश्या तो घरात आणतात, पंखांनी वारा घालून आटवतात, पुरेसा आटला की मेणाचं झाकण लावतात. सातेरीचं घर बंद, अंधारं, उबदार. आग्याचं पोळं कड्यावर उघडं. धुकं, दव, वळवाचा पाऊस सगळं अंगावर. त्यात पोरं पाऊस येण्याआधी घाईने पोळं उतरवतात, निम्म्या घरांना झाकण लागलेलं नसतं. त्यात पिळण्यातला रस. आणि मध स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतो. कोयनेच्या दमट हवेत तर विचारूच नका. वर मे महिना. उन्हाळ्यात तोच मध थंडीतल्यापेक्षा कितीतरी पातळ वाहतो. "म्हणजे मामाच्या मधात पाणी आहे," लेक म्हणाली, "पण घातलं कुणीच नाही."

नियमाने मात्र तो नापास. अन्नसुरक्षेच्या मानकात पाण्याची मर्यादा २० टक्के. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत खालच्या प्रतीला २५ पर्यंत जागा होती. तिथे दादा बसला असता. कारखान्यात सगळ्यांचाच मध एकत्र करून, तापवून, गाळून, जादा पाणी उडवून १८ वर आणतात, तिथे कुणाचाही बसतो. ही मर्यादा उगाच घातलेली नाही, हे मलाही कबूल आहे. त्याचा पुरावा मला लवकरच मिळायचा होता. पण २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या १३ ब्रँडांचे मध जर्मनीत तपासून घेतले, तेव्हा चुंबकीय अनुनादाच्या कसोटीला फक्त ३ उतरले. बाकीच्यांत साखरेचे पाक निघाले, तेही असे पाक की जे नेहमीच्या चाचण्या पास व्हावेत म्हणूनच बनवलेले. पाक हवा तितका घट्ट करता येतो, कुठल्याही हलवायाला विचारा. ग्लासातल्या पाण्यात तो थेट तळाला जाऊन शहाण्यासारखा बसतो, कारण घट्ट असणं एवढीच ती परीक्षा आहे. कापसाच्या वातीला मध लावून पेटवायचा, वर्तमानपत्रावर थेंब ठेवायचा, कुत्र्यासमोर धरायचा, या सगळ्या परीक्षांचं तसंच. आमच्या गावची कुत्री भाकरीला लागलेला मध चाटूनपुसून खायची. आणि थंडीत थिजलेला मध म्हणजे साखर घातलेला, असं म्हणून लोक जे टाकून देतात, तो तर बिचारा तुपासारखा रवा धरलेला असतो. तूप रवाळ झालं तर आपण कौतुक करतो.

हे सगळं मी वहिनींना सांगायला गेले. कागदावर आकडे लिहून नेले होते, हसू नका. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तेवीस टक्के पाणी आहेच ना त्यात?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आहे. "मग तेच तर मी म्हणत होते." आणि त्यांनी मला कैरीचं पन्हं दिलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. दादाला फोन करावा असं रोज वाटायचं. फोन केलाही दोन-तीनदा, पण भात, पाऊस, लाँच बंद आहे का, इतकंच बोलणं झालं. "दादा, तुझा मध खरा होता" हे वाक्य फोनवर म्हणायचं कसं? त्याला ते माहीतच होतं. माहीत नसलेली मी.

जूनच्या मध्यावर एका रात्री स्वयंपाकघरात फट्ट असा आवाज झाला. लेक किंचाळत उठली. दादाच्या बाटलीचं बूच छताला लागून फ्रिजमागे पडलं होतं, सुतळी तुटली होती, आणि बाटलीच्या तोंडातून ताकासारखा फेस ओट्यावर उतरत होता. पाणी जास्त म्हणून आंबला. नियमवाल्यांचं बरोबर होतं. सगळ्या घराला ताडीचा, पिकल्या फणसाचा आणि खाली कुठेतरी धुराचा वास. मी बोट फिरवून चाटलं. गोड, झिणझिणीत, आंबूस. लेकीनेही चाटलं. रात्री दोन वाजता आम्ही दोघी ओट्याशी उभं राहून बोटांनी फेस खात होतो. उरलेला मध फ्रिजमध्ये ठेवला आणि पुढच्या महिन्याभरात भाकरीशी संपवला. वहिनींना दाखवला नाही.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, ताटात त्याने पैसे ठेवले, मग पिशवीत हात घालून कागदी खोका काढला. आत काचेची नवीकोरी बाटली, सोनेरी झाकण, सील, फुलावर बसलेल्या माशीचं चित्र. सातारच्या स्टँडजवळच्या दुकानातून घेतलेली. "घट्ट हाय," तो म्हणाला. "दुकानदारानं पाण्यात टाकून दावला. सरळ तळाला गेला." बाटली तिरकी करून त्यानेच मला दाखवली. धार सावकाश, तोऱ्यात उतरली. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळेना की तो टोमणा मारतोय की खरंच बहिणीसाठी चांगली वस्तू आणल्याच्या आनंदात आहे. दादाचं असंच असतं.

मी विचारलं, "कड्यावर आग्या आलाय का?"

"आलाय की. सात पोळी बसलीत." करंजीचा तुकडा तोडत तो म्हणाला, "धाकल्या टाकीवरबी एक हाय."

"उन्हाळ्यात आणशील ना?"

तो थोडा वेळ करंजी खात राहिला. "ती बाटली हाय का? सरबताची?"

होती. गरम पाण्याने तीनदा धुऊन, उन्हात वाळवून मी ती माळ्यावर ठेवली होती. बूच फ्रिजमागून काढून, तेही. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात. हाताशी साखरेचा डबा होता. झाकण उघडलं आणि माझं मलाच हसू आलं, डबा बंद केला. मग त्याच्याच पिशवीतल्या नव्या तांदळाचे चार दाणे बाटलीत टाकले, बूच लावलं, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून ती त्याच्या पिशवीत सगळ्यात खाली ठेवली.